माझ्या वाटची स्तुती

फोनवर मी तिला जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "कठीण आहे गं, कळतंय मला. पण देव चांगला आहे. स्तुती सोडू नकोस." रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तिच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका येऊन अकरा दिवस झाले होते. माझं बोलणं संपल्यावर पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. कुठल्याशा यंत्राची ठरावीक टुकटुक ऐकू येत होती, लांबवर एक ढकलगाडी खडखडत गेली, कुणीतरी खोकलं. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, न रडता, "एक काम कर. माझ्या वाटची तूच कर." आणि फोन ठेवला.

माझ्या वाटची. घरात कामं वाटून घेतलेली असली की म्हणतात ना, आज अंगात कणकण आहे, माझ्या वाटची भांडी तू घास. अगदी त्या सुरात.

पुढे कित्येक दिवस ते वाक्य माझी पाठ सोडेना. तो टोमणा होता की विनंती, हेच मला ठरवता येईना. टोमणा असता तर परवडलं असतं, माफी मागून मोकळी झाले असते. पण तिचा सूर टोमण्याचा नव्हता. आणि विनंती असेल तर ती पुरी करायला हवी, म्हणजे नेमकं काय करायचं? दुसऱ्यासाठी प्रार्थना करता येते, ती आपण रोज करतो, तिला मध्यस्थी असा भारदस्त शब्दही आहे. दुसऱ्याच्या वाटची स्तुती करता येते का? हे कधी कुणाच्या प्रवचनात ऐकलेलं नव्हतं. त्यात गंमत अशी की आमच्या दोघींत गाणारी ती. संडेस्कूलपासून आम्ही शेजारी-शेजारी बसत आलो, आणि तेव्हापासून सूर तिचा, ओठ हलवणं माझं. चर्चमध्ये वाजवणाऱ्यानं पट्टी चुकवली की अख्खी मंडळी तिच्याकडे बघते. ती पहिला शब्द उचलते आणि बाकीचे सुटल्यासारखे मागून येतात. तिच्या आवाजाच्या आडोशाला उभी राहून मी आयुष्यभर गायले. आणि आता मी, जिला दोन स्वरही सरळ लागत नाहीत, तिला सांगत होते की गाणं सोडू नकोस.

बायबलमधल्या ईयोबाच्या, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो. पण ते आल्या आल्या सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मला सात मिनिटंही जमलं नव्हतं.

हे असं का होतं याचा मी नंतर विचार केला. आपल्या बोलण्यात स्तुती फार सहज येते. भेटलो की "प्रेझ द लॉर्ड", निघालो की "प्रेझ द लॉर्ड", फोन उचलला की हॅलोच्या जागी तेच. कसे आहात, असं विचारलं की खरं उत्तर तोंडात यायच्या आत हे शब्द बाहेर पडतात आणि विषयच संपतो. मी एकदा एका बाईंना त्यांच्या घरी पाणी शिरल्याच्या दुसऱ्या दिवशी भेटले. ओल्या साडीचा, चिखलाचा वास त्यांच्या अंगाला येत होता, आणि त्या हसून "प्रेझ द लॉर्ड" म्हणाल्या. मीही म्हणाले. मग आम्ही दोघीही एकमेकींकडे बघत राहिलो, पुढचं बोलायला वाटच उरली नव्हती. त्या शब्दांत खोटं काही नव्हतं. पण दार लावून घेण्यासाठी ते फारच सोयीचे आहेत. मी त्या रात्री फोनवर तेच केलं असणार. तिच्या भीतीत डोकावून बघण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून एक चांगलं वाक्य घेतलं आणि दार लोटलं.

आणि मला हे कळायला हवं होतं. माझ्यावर ही वेळ येऊन गेलेली होती.

बाबा एकोणीस दिवस दवाखान्यात होते. चौदाव्या की पंधराव्या दिवशी मंडळीतले एक वडीलधारे भेटायला आले. मनानं फार चांगला माणूस, उन्हातून पायी आले होते, सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. त्यांनी बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थनेत या आजाराबद्दल देवाचे आभार मानले. आजारातही, असं नव्हे, आजाराबद्दल. मी डोळे उघडले. आईनं मिटलेलेच होते, तिच्या मांडीवर स्तोत्रसंहिता होती, तीही मिटलेली. मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. भिंत गार होती आणि तिला फिनेलचा वास येत होता, आणि मी त्या भिंतीला कपाळ लावून मनातल्या मनात देवाला जे बोलले ते कुठल्याही स्तोत्रात बसण्यासारखं नव्हतं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. पुढे एका पाळकसाहेबांनी समजूत घातली. बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे, स्थितीबद्दल करा असं नाही. तो फरक ऐकून मला बरं वाटलं होतं, बरीच वर्षं मी तो इतरांनाही ऐकवला. मग एके दिवशी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचताना दिसलं, तिथे सरळ सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करत राहा असंच लिहिलंय. त्या वचनाशी माझं अजून जमलेलं नाही. ते तिथे आहे आणि मी इथे आहे, एवढंच सध्या सांगता येईल.

बाबा गेले त्या दिवशीची उपासना मला तुकड्यातुकड्यांत आठवते. मेणबत्तीची विझल्यानंतरची करपट, कुणाचातरी ओला रुमाल, शेवंतीचा थंड वास. गीत सुरू झालं आणि माझं तोंड उघडेना. पुस्तक हातात होतं, ओळ दिसत होती, पण घशाशी दगड अडकल्यासारखं. मी पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभी राहिले. मागे पुरुषांचे खर्जातले आवाज होते, त्यात बेसूरही पुष्कळ होते, आणि त्या सगळ्यानं ते जुनं लाकूड थरथरत होतं. ती थरथर माझ्या तळव्यांतून कोपरापर्यंत चढत होती. शब्द मला एकही कळला नाही. पूर्ण गीत मी तळव्यांनी ऐकलं. माझ्या शेजारी तीच उभी होती, त्या दिवशी तिचाही आवाज दोनदा फुटला, तरी ती शेवटच्या कडव्यापर्यंत गेली. घरी आल्यावर मला अपराधी वाटलं की मी बापासाठी एक ओळसुद्धा गायले नाही. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली होती, "मी गायले ना."

हे मला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तिच्या त्या फोननंतर, चौथ्या-पाचव्या रात्री, पाण्याची बाटली भरता भरता आठवलं.

आपल्याकडे संकटातल्या स्तुतीबद्दल जे काही ऐकायला मिळतं ते बहुतेक साक्षींतून मिळतं, आणि साक्ष नेहमी भूतकाळात असते. आजार होता, देवानं बरं केलं. नोकरी गेली होती, त्याहून चांगली मिळाली. ऐन बुडत असताना, नाकातोंडात पाणी जात असताना कुणी उठून साक्ष द्यायला पुढे येत नाही, आणि आलाच तर आपण त्याला माइक देताना जरा कचरतो. पवित्र शास्त्र मात्र कचरत नाही. स्तोत्रसंहितेचं मूळ इब्री नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवनं. दीडशे स्तवनं. आणि त्या नावाखाली जे जमा केलंय त्यातला केवढा तरी भाग सरळसरळ रडगाणं आहे: किती काळ, का विसरलास, माझी हाडं झिजली, माझे शेजारी मला टाळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही. इतर बहुतेक विलापांना शेवटी एखादं 'तरीही' असतं. या स्तोत्राचा इब्रीतला शेवटचा शब्द आहे अंधार. तिथेच ते थांबतं. ज्यांनी हे पुस्तक जुळवलं त्यांना हे स्तोत्र वगळता आलं असतं, निदान एक बरी ओळ शेवटी चिकटवता आली असती. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि पुस्तकाचं नाव स्तवनं ठेवलं. जिन्यातल्या भिंतीला मी जे बोलले होते ते कुठे बसतं, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

उलट ऐकवली जाते ती बायबलमधली फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाची गोष्ट. सुवार्ता सांगणारे पौल आणि सीला, पाठीवर फटक्यांचे वळ, पाय खोड्यात, मध्यरात्र, आणि ते गाताहेत. मग भूकंप, दारं सताड उघडी, सगळ्यांच्या बेड्या गळून पडलेल्या. इतकी चांगली गोष्ट आहे की तिचं सूत्र बनायला वेळ लागत नाही: गा, म्हणजे भिंती हलतील. मला त्यातलं एक लहानसं वाक्य जास्त जवळचं वाटतं, भूकंपाच्या आधीचं. बंदिवान ऐकत होते. त्या अंधारकोठडीत आणखी माणसं होती, त्यांचेही पाय सुजलेले असणार, त्यांना ही गीतं येत नव्हती आणि त्यांनी गायलीही नाहीत. पण बेड्या सुटल्या त्या सगळ्यांच्याच. आणि दुसरी गोष्ट आपण जोडून सांगत नाही ती अशी, की याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलानं पुढे पत्र लिहिलं ते पुन्हा कैदेतूनच. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे त्या पत्रातलं. तिथे भूकंप झाल्याची नोंद कुठे नाही. दार बंदच होतं आणि पत्र चाललं होतं.

तसंच होरेशिओ स्पॅफर्ड या अमेरिकन गृहस्थांचं. १८७३ साली त्यांच्या चारही मुली समुद्रात जहाज बुडून गेल्या, बायको तेवढी वाचली, आणि तिला आणायला जाताना त्यांनी ते प्रसिद्ध शांतीचं गीत लिहिलं. प्रवचनात गोष्ट इथे संपते आणि मंडळी ते गीत म्हणायला उभी राहते. १८८० साली त्यांचा लहानगा मुलगाही तापानं गेला, हे कुणी सांगत नाही. का सांगावं? त्यानं गोष्टीचा आकार बिघडतो. गीत लिहून झालं म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही, हे मात्र त्या बिघडलेल्या आकारातच दिसतं.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. एव्हाना तिच्या नवऱ्याला साध्या खोलीत हलवलं होतं. उजवा हात आणि पाय निर्जीव, तोंड किंचित कललेलं, आणि बोलणं गेलेलं. समजत सगळं होतं, डोळ्यांत ते दिसायचं, पण शब्द यायचा नाही. पाणी हवं असलं तर ओठ जुळवायचा, कपाळाच्या शिरा तट्ट फुगायच्या, आणि शेवटी निघायचं ते काहीतरी भलतंच, मग तो डोळे मिटून घ्यायचा. याला वाचाघात म्हणतात हे मला तिथेच कळलं. आदल्या रविवारी मंडळीतली चार-पाच जणं येऊन गेली होती. त्यांनी खाटेभोवती उभं राहून एक जुनं गीत म्हटलं, आणि दुसऱ्या ओळीपासून तो त्यांच्याबरोबर गायला लागला. शब्दांसकट. जिभेला जरा जडपणा होता, पण शब्द स्पष्ट, ओळीमागून ओळ, पूर्ण कडवं. बायका रडायला लागल्या. एकानं मोबाइलवर घेतलं. पुढच्या उपासनेत ती साक्ष म्हणून सांगितली गेली, हालेलूयांनी सभागृह भरून गेलं. मीही म्हटलं हालेलूया, अंगावर काटा आला होता माझ्या.

ती मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली. बाकाचं रेक्झिन फाटलेलं होतं आणि ती बोलताना त्यातला पिवळा स्पंज चिमटीनं उपटत होती. "त्याला माझं नाव येत नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली लग्नाला. मी समोर बसते, हात धरते, म्हणते, सांग मी कोण. तो धडपडतो, रडतो, पण येत नाही. आणि देवाची स्तुती येते. अख्खं कडवं येतं." मग थोडं थांबून, "मला देवाचा मत्सर वाटतो, असं म्हटलं तर चालेल का गं?"

या वेळी मी गप्प बसले. शहाणपणानं नव्हे, खरंच काही सुचलं नाही.

थोड्या वेळानं ती हसली. "आणि अजून एक. त्याला एक शिवीही येते. एकच, पण खणखणीत. नर्स सुई टोचायला आली की देतो. ते काही कुणी साक्षीत सांगितलं नाही." आम्ही दोघी त्या बाकावर तोंडावर हात धरून हसलो, आजूबाजूचे बघायला लागले इतकं.

स्पीच थेरपिस्ट मुलगी फार शांत होती. तिनं सांगितलं की यात चमत्कार नाही आणि हे विरळाही नाही. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते, तिथे इजा झाली की स्वतः जुळवून बोलायचे शब्द हरवतात. पण वर्षानुवर्षं घोकलेलं, चालीत बसलेलं, विचार न करता तोंडात येणारं, ते पुष्कळदा वाचतं. एक ते दहा आकडे, वारांची नावं, गाणी, प्रार्थना, शिव्या. चालीत उजव्या बाजूचाही हात असतो. यावर १९७३ पासून एक उपचारपद्धती आहे: छोटी, रोजच्या गरजेची वाक्यं दोन स्वरांवर म्हणायची, एक वरचा, एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका धरायचा, मग हळूहळू चाल काढून घ्यायची आणि शब्द मागे राहतो का ते बघायचं. कधी राहतो, कधी नाही. तिनं मैत्रिणीचं नावही असं दोन स्वरांवर बसवून दिलं. ती नाव गाते, त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन मांडीवर आपटते. वर, खाली. वर, खाली.

चमत्कार नाही म्हटल्यावर मला वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. घरी येताना बसच्या खिडकीशी बसून मी त्या माणसाचा विचार करत होते. त्याला मी तीस वर्षं उपासनेत पाहिलंय. तो काही भक्तिभावानं ओथंबलेला माणूस नव्हे. गीत चालू असताना घड्याळ बघणारा, तिसऱ्या कडव्याला जांभई देणारा, प्रवचन लांबलं की पायाची बोटं हलवत बसणारा. ते कडवं त्याच्यात गेलं ते असं, अर्धवट लक्ष असताना, हजारदा. त्यातल्या एकाही वेळी त्याला वाटलं नसेल की आपण काही साठवतोय. आणि मग एका सकाळी डोक्यातली वीज गेल्यासारखे सगळे शब्द गेले, बायकोचं नाव गेलं, आणि जे उरलं ते हे. संकटात स्तुती करायला मोठा विश्वास लागतो असं मी समजत आले होते. त्याच्याकडे त्या खाटेवर विश्वासाचं काही बळ होतं की नव्हतं हे तोही सांगू शकत नव्हता. जांभया देत म्हटलेली गाणी तेवढी होती.

जर्मनीत आयलेनबुर्ग नावाच्या गावी मार्टिन रिंकार्ट नावाचे पाळक होते. तीस वर्षांच्या युद्धाचा काळ, तटबंदीच्या गावात आसऱ्याला आलेली माणसं दाटलेली, १६३७ मध्ये साथ आली. इतर पाळक गेले किंवा मेले, आणि रिंकार्टनी एका वर्षात चार हजारांवर माणसं पुरली, कधी एका दिवसात चाळीस-पन्नास. त्यात त्यांची बायकोही होती. जगभर आभाराच्या दिवशी म्हटलं जाणारं 'आता सारे देवाचे उपकार माना' हे जर्मन गीत त्यांचं. मला लहानपणापासून वाटायचं की ते कबरीच्या कडेला उभं राहून लिहिलं असणार, नाहीतर त्याला एवढी किंमत का? पण ते मुळात घरच्यांनी जेवणाच्या मेजाशी म्हणायची छोटी प्रार्थना होती असं मानतात. म्हणजे बाजूला ताटं, मुलांची चुळबुळ, कुणीतरी डोळे किलकिले करून बघतंय. त्याच मेजावरची एक खुर्ची पुढे रिकामी झाली, आणि शब्द तेच राहिले.

आणि प्रभू येशूनंही तेच केलं की. धरला जायच्या रात्री भोजन झाल्यावर ते गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असं मत्तय आणि मार्क आपापल्या शुभवर्तमानात सांगतात. वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनाला म्हणायची स्तोत्रं परंपरेनं ठरलेली असतात, ११३ ते ११८. शेवटच्यात ती ओळ आहे, हा दिवस परमेश्वरानं नेमलेला, यात आपण उल्लास व आनंद करू. तीच म्हटली असेल तर तो दिवस कोणता होता हे गाणाऱ्यांपैकी एकालाच ठाऊक होतं. काही तासांनी गेथशेमाने बागेत धरलं जाणं, आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हेही पाठ असलेलंच, बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. 'तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो' हे एकतिसाव्यातलं. देवाच्या पुत्राला स्वतःचे नवे शब्द सुचले नसते असं थोडंच आहे. त्यानं आईच्या घरी, सभास्थानात शिकलेले, दुसऱ्या कुणाच्यातरी दुःखातून आलेले शब्द उचलले आणि वापरले. उसने.

शुभवर्तमानातली कफर्णहूम गावची गोष्ट मी या दिवसांत पुन्हा वाचली. चौघांनी उचलून आणलेला, छपरातून खाली सोडलेला तो पक्षघाती. मार्कानं लिहिलेली ती हकिकत नीट बघितली तर लक्षात येतं, तो माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. बरं करा म्हणत नाही, विश्वास आहे म्हणत नाही, उठून बाज उचलून चालायला लागल्यावरही काही बोलल्याचं मार्क लिहीत नाही. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे आहे. ज्यांच्या हातांना दोरी काचली असेल, ज्यांच्या केसांत छपराची माती होती, त्यांचा. खाटेवरच्यानं फक्त स्वतःला नेऊ दिलं. हे वचन मी कितीदा वाचलं असेल, पण वाटची हा शब्द डोक्यात नसता तर या वेळीही पुढे गेले असते.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले होते. त्याला आता घरी आणलंय, खिडकीजवळ खुर्ची आहे. 'पाणी' येतं, चालीवाचून. 'नको' तर फारच येतं. तिचं नाव अजून नाही. पहिलं अक्षर कधी कधी ओठांवर दिसतं आणि जातं. ती त्याच्या शेजारी मोड्यावर बसली होती, त्याचा डावा हात तिच्या मांडीवर, आणि बोलता बोलता सवयीनं ठेका चालू होता. उपासनेला ती येते, पण गात नाही अजून. पुस्तक उघडून धरते, एवढंच. वाजवणारा पट्टी चुकवतो आणि कुणी सावरायला नसतं, मग आम्ही सगळे मिळून चुकीच्याच पट्टीत ओढत नेतो.

अचानक तिनं विचारलं, "त्या रात्री सांगितलं होतं तुला. केलीस का?"

मी सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ चिडून बसले होते. मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून खिडकीपाशी उभी राहिले, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली, आणि देवाला म्हणाले, हे माझं नाही, हिच्या नावावर धर. मग तिचं आवडतं गीत सुरू केलं. आवाज इतका घोगरा आणि बेसूर निघाला की मलाच कसंतरी झालं. फ्रीजची घरघर चालू होती, ती माझ्यापेक्षा सुरात होती. दुसऱ्या कडव्यात एक ओळ आठवेना. पुस्तक बाहेरच्या खोलीत, तिथे घरचे झोपलेले. तिथेच सोडून दिलं.

"म्हणजे किती?"

"दीड कडवं."

ती नाकातून हसली. "कुठं अडलीस?"

मी सांगितलं कुठं. तिनं पुढची ओळ सांगितली. चाल न लावता, शुद्धलेखनातली चूक दाखवावी तशी. आणि मग उठून चहाचं बघायला गेली. तिनं हात सोडला होता तरी त्याचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेका धरूनच होता, वर, खाली, वर, खाली.